गुडघ्याखालची उशी

लोकरीचा पिवळा चेंडू भिंतीवरून उडत आला आणि धोतरावर वाळत घातलेल्या, तांदळाच्या कुरडयांसारख्या वडामांत जाऊन बसला. अंबुजानं मान वर केली. भिंतीपलीकडून एक तरुण डोकावत होता — घामेजलेला, केस कपाळावर आलेले, हसू दाबणारा.

"चेंडू... तेवढा देता?"

"आणि माझे वडाम चुरले त्याचं काय?"

"आमची अम्मा करून देईल."

"अम्मावर ढकलता होय? हवा असेल तर या नि घ्या."

ती आपली थट्टेनं बोलली. वडील, वेंकटराव, कुंभकोणमहून तंजावूरच्या शाळेत नुकतेच बदलून आले होते. राजवाड्यामागच्या त्या बोळात ती अजून कुणाशी धड बोललीही नव्हती. पण तो खरंच भिंतीवर चढला! उडी घेता घेता खाली पसरलेले वडाम त्याला दिसले, ते वाचवायला त्यानं हवेतच अंग वळवलं... पाऊल जमिनीत रुतलं, गुडघा मात्र फिरला. 'कट्' असा आवाज अंबुजालाही ऐकू आला.

"वडाम... वाचले ना?" ओठ पांढरे पडले होते, तरी त्यानं विचारलं.

तिला हसूही आलं नाही, रडूही. पण त्या घटकेपासून तिचं मन तिचं राहिलं नाही.

त्याचं नाव सूर्यनारायण. लोकरी चेंडू रॅकेटीनं टोलवायच्या खेळात, बॉल बॅडमिंटनमध्ये, गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तिरुचीच्या शाळेत ड्रिल मास्टर म्हणून त्याची नेमणूकही झाली होती. उन्हाळ्याची सुट्टी संपली की रुजू व्हायचं. घरात तो आणि त्याची आई, नागलक्ष्मी, दोघंच.

"गुडघ्यातला बंध तुटलाय," पट्टी बांधत डॉक्टर म्हणाले. अंबुजा रसमचं भांडं घेऊन दाराशी उभी होती. "सूज उतरली की पाय सरळ ठेवायचा. टाचेखाली उशी चालेल, गुडघ्याखाली मुळीच नको. दुखेल. दुखू द्या. वाकलेला राहिला तर तसाच आखडून बसेल."

रोज दुपारी अंबुजा काही ना काही घेऊन जाई. नागलक्ष्मीकाकू स्वयंपाकघरात आवराआवर करत असत, आणि हा बाहेर खाटेवर — पाय सरळ, दात आवळलेले, बोटांनी खाटेची कड घट्ट धरलेली.

"बोल ना गे काहीतरी..."

"काय बोलू?"

"काहीही. भांड तरी!"

"भांडायला तुम्ही धड असायला हवं ना?" ती म्हणाली खरी, पण त्याच्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलेलं तिला दिसलं. तिला ते बघवेना. तिनं सावरीच्या कापसाची मऊ उशी उचलली, हळूच त्याच्या गुडघ्याखाली सारली. गुडघा वाकला... आणि त्याचा चेहरा कसा निवळला! जणू कुणी कपाळावर चंदन लावलं.

"डॉक्टर नको म्हणाले होते," ती कुजबुजली.

"डॉक्टरांचा गुडघा आहे का हा?" त्यानं तिचा हात धरला. "थोडा वेळच."

थोडा वेळ रोजचा झाला. काकूंची चाहूल लागली की उशी निघे, हातातला हातही सुटे. त्या दुपारी अंबुजाला आयुष्यातल्या सगळ्यात गोड दुपारी वाटल्या.

मग डॉक्टरांनी पट्टी सोडली. गुडघा दाबून पाहिला. तो खाली टेकेना. त्याखालून हात सहज आरपार जात होता.

"पाय सरळ ठेवत होता ना?"

दाराशी उभ्या अंबुजाची नजर खाटेवरच्या उशीकडे गेली. सूर्यनारायणानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "हो," एवढंच म्हणाला.

तेल झालं, शेक झाला, वाळूच्या पिशव्या झाल्या. पाय सरळ झाला नाही तो नाहीच. उभं राहिलं की टाच जमिनीपासून वर राही, चवड्यावर उडत उडत चालावं लागे. तिरुचीच्या शाळेनं दुसरा माणूस घेतला. मद्रासला मामाचा छापखाना होता, तिथं बसून करायचं काम मिळालं.

निघायच्या सकाळी दारात घोड्याचा जटका उभा होता. काकू आत शिदोरी बांधत होत्या. अंबुजा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती.

"मी केलं हे," ती म्हणाली. "मला माहीत होतं... तरी उशी मी ठेवली."

"रात्री कोण ठेवत होतं?" तो मंद हसला. "मीच. मलाही माहीत होतं."

"मग का —"

"दुखायचं, अंबुजा. आणि उशी म्हटलं की तुझे हात आठवायचे."

ती रडू लागली. "मला मागणी का नाही घालत? अप्पा नाही म्हणणार नाहीत. मी येईन मद्रासला."

घोड्यानं मान झटकली, घुंगरं वाजली.

"येशील," तो म्हणाला. "पण मी लंगडत चाललो की तू खाली बघतेस. आताही बघतेस. प्रेमानं येशील की प्रायश्चित्त म्हणून... ते तरी सांग. खरं सांग."

तिला सांगायचं होतं. ओठ हललेही. पण हुंदका असा दाटला की शब्द फुटेना — आणि तिची नजर, तिच्याही नकळत, त्या वर राहिलेल्या टाचेकडे गेली.

त्यानं मान हलवली. रागानं नाही, समजल्यासारखी. काकू शिदोरी घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या पाया पडायला तो वाकला, तेव्हा तेवढा पाय त्याला मागे ठेवावा लागला. मग तो जटक्यात चढला.

चाकं वळणापाशी दिसेनाशी झाली तेव्हा तिचा आवाज मोकळा झाला.

"प्रेमानं हो... प्रेमानंच."

काकू दारातून आत वळत होत्या. "काय म्हणालीस गे?"

"काही नाही, काकू," अंबुजा म्हणाली, आणि डोळे पुसून त्यांना हात द्यायला पुढे झाली.