ज्यांची नावं छापली

निःशब्द खोलीत हरकरे सर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. उपचाराला येणारी माणसं ढगळ कपड्यांत येतात. सर मात्र समारंभाला यावं तसे आले होते, खिशाला पेनसुद्धा लावलेलं. भिंतींना जाड स्पंज लावलेली ती खोली अशी होती, की दार बंद केल्यावर माणसाला स्वतःचा श्वास ऐकू यावा. एक्क्याऐंशी वर्षांच्या सरांना तो ऐकू येत नव्हता. त्यासाठीच तर हा खटाटोप, असं तेच म्हणाले आणि हसले.

डॉ. शर्वाणी खापर्डे हसली नाही. तिच्या हातातल्या सुईत अंकुरद्रव्य होतं, तिच्या अर्ध्या आयुष्याचं काम. ते सरांच्या कानात गेल्यावर काय होणार, हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे अशी तिची समजूत होती.

"आधी मला नीट समजावून सांग," सर म्हणाले. "मी आता लेखक आहे न? उद्या कोणी विचारलं तर काय सांगू?"

शरीरक्रियाशास्त्र ज्यांच्याकडून शिकली त्यांनाच ते शिकवायचं, म्हणजे परीक्षाच. तिनं सांगितलं, कानाच्या आत शंख असतो. त्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. वयानं, औषधानं, गोंगाटानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात, आपल्या नाही. पण केसपेशींना धरून आधारपेशी उभ्या असतात. अंकुरद्रव्य त्यांतल्या काहींना जागं करतं आणि त्यांच्याच केसपेशी होतात.

"सगळ्याच आधारपेशी केसपेशी झाल्या तर?"

"नाही होत, सर. पुरेशा झाल्या की शरीर थांब म्हणतं."

"कोणाचं शरीर?"

शर्वाणीनं सुई उजेडात धरली आणि नसलेला बुडबुडा शोधला. "सगळ्यांचंच," ती म्हणाली.

सर या खोलीत आले होते ते स्वदेह नियमामुळे. खोट्या निष्कर्षांवर आधारलेल्या औषधांनी माणसं दगावल्यावर जगभरच्या नियतकालिकांनी हा नियम केला होता. माणसावर करायच्या उपचाराचा निबंध छापायचा, तर त्यावर नाव असलेल्या प्रत्येकानं तो उपचार आधी स्वतःवर करून घ्यायचा. नियम आला आणि विज्ञानात एकाएकी विनयाची लाट आली. संस्थेतल्या प्रत्येक निबंधावर ज्यांचं नाव असायचंच, ते संचालक आपला यात काडीचाही वाटा नसल्याचं आवर्जून सांगू लागले. तीस-तीस नावांच्या याद्या तीन-चारांवर आल्या.

पळवाटाही बुजवलेल्या होत्या. एकदा दिलेलं नाव काढता येत नसे. निबंध मागे घेता येई, पण कारण देऊन, आणि काही दडवलेलं निघालं तर तो उपचारच दहा वर्षं बंद. लेखक म्हणजे जबाबदार, म्हणून मूळ नोंदींची किल्ली प्रत्येक लेखकाला मिळे. आणि लेखकाच्या देहावर जे घडेल, ते निबंधाचाच भाग मानलं जाई.

शर्वाणीनं सरांचं नाव घातलं ते नियम लागू होण्याच्या आधी, सरांच्या सहस्रचंद्रदर्शनाला. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि सोबत निबंधाची प्रत दिली: पहिलं नाव तिचं, दुसरं गणिताची बाजू सांभाळणाऱ्या प्रबोध मेश्रामचं, तिसरं सरांचं. ज्या माणसानं साऱ्या हयातीत विद्यार्थ्यांच्या कामावर आपलं नाव लागू दिलं नाही, त्याला ही गुरुदक्षिणा. सर त्या नावाकडे बराच वेळ बघत राहिले. "मला न विचारता?" एवढंच म्हणाले. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. पुढच्याच महिन्यात नियम आला, आणि तो छपाईच्या रांगेत असलेल्या निबंधांनाही लागू झाला.

प्रबोधनं डोस घेतला, शर्वाणीनं घेतला. दोघांनाही काही धोका नव्हता. धोका म्हाताऱ्यांना होता, आणि ते निबंधात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

म्हाताऱ्या उंदरांचा एक पिंजरा होता. दोन आठवडे त्यांना छान ऐकू येऊ लागलं आणि तिसऱ्या आठवड्यात ते ठार बहिरे झाले. म्हातारं शरीर थांब म्हणत नाही. सगळ्या आधारपेशी केसपेशी होऊन बसतात, आणि आधारच उरला नाही की शंखातली सगळी रांग कोसळते. शर्वाणीला हे आज स्वच्छ दिसत होतं. तेव्हा तिनं एवढंच पाहिलं, की त्यातल्या दोघांचे कान खरोखरच फुटले होते, पू होता. मग पिंजऱ्यात साथ असणार. साथीचा पिंजरा गाळायचा असतोच. बाकीच्यांच्या कानात पू का नाही, हे तपासायला एक दुपार पुरली असती. ती दुपार तिनं काढली नाही. अनुदान संपत आलं होतं, परदेशातली एक प्रयोगशाळा याच शोधाच्या मागे होती, आणि खोटं बोलतोय असं तिला त्या वेळी वाटलंही नव्हतं. ते वाटायला लागलं सरांचं नाव अडकल्यावर.

आता खुर्चीत सर होते. घरी कुमुदकाकू होत्या, त्यांची दृष्टी शुगरनं पाच वर्षांपूर्वीच गेलेली. ते घर आवाजावर चालत होतं. काकू हाक मारत, सर ओ देत, आणि त्या ओच्या दिशेनं काकू चालत जात. सरांचे कान गेले तर त्या घरात काय उरेल हे शर्वाणीला दिसत होतं, आणि तरी ती सुई खाली ठेवत नव्हती. सांगितलं तर उपचार बंद. तरण्या वयात बहिरी झालेली, दवाखान्यात नावं नोंदवून बसलेली शेकडो मुलंमुली दहा वर्षं थांबणार. हे कारण खरं होतं. आपलं नाव जाईल हेही कारण खरं होतं, आणि दोन्हींतलं कुठलं जड हे तिला चांगलं कळत होतं.

"शर्वाणी," सर म्हणाले, "काही सांगायचं राहून गेलं का ग?"

त्यांनी ते सहज विचारल्यासारखं विचारलं. पण उत्तरासाठी ते थांबले. तिच्या तोंडाकडे बघत, चांगले थांबले.

"नाही, सर," ती म्हणाली.

"बरं," म्हणून त्यांनी मान कलती केली. आधी डावा कान, मग उजवा.

पहिले दोन आठवडे आनंदात गेले, सरांच्या घरी. काकूंचा फोन आला की तुझ्या सरांना आता कूलरचासुद्धा त्रास होतो, इतके दिवस हा राक्षस घरात होता हे मला कोणी सांगितलं नाही म्हणतात. काकू हसत होत्या. शर्वाणीचेही कान तयार होत होते. तिला पालीची चुकचुक शेजारच्या खोलीतून ऐकू येई, स्वतःच्या पापण्यांची उघडझाप ऐकू येते की काय असं वाटे. प्रत्येक नवा आवाज तिला आरोपासारखा लागत होता. रोज ती ठरवी की आज जाऊन सांगायचं, आणि रोज स्वतःला समजावी की आता सांगून तरी काय उपयोग, द्रव्य तर आत गेलं.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा पुन्हा फोन आला. आवाज बारीक झाला होता. भर दुपारी, कूलर धडधडत असताना, सरांनी विचारलं होतं, "कूलर का बंद केला?"

सरांची श्रवणचाचणी झाली, दोन्ही कान पूर्ण गेले होते, आणि तो निकाल नियतकालिकाकडे गेला. पुढच्या आठवड्यात प्रबोध तिच्या खोलीत आला. त्यानं निबंधाची छपाईची अंतिम प्रत टेबलावर ठेवली. शेवटी एक टिपण वाढलं होतं, तिसऱ्या लेखकाचं. आपल्या देहावर काय होईल याचं भाकीत लेखकाला आधी मोहोरबंद करून ठेवता येतं, आणि ते खरं ठरलं तर आपोआप उघडतं, हे शर्वाणी विसरलीच होती. टिपणावरची तारीख सरांनी डोस घेतला त्याच्या आदल्या दिवसाची होती.

सरांनी आपली किल्ली वापरून मूळ नोंदी वाचल्या होत्या. टिपणात लिहिलं होतं, की म्हाताऱ्या उंदरांचा एक पिंजरा निबंधातून गाळला गेला आहे, त्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. त्यातल्या दोघांनाच संसर्ग होता, उरलेल्यांचं बहिरेपण उपचारामुळे आलं असावं. तिसरा लेखक त्याच वयोगटातला आहे. अनुमान बरोबर असेल तर तो तिसऱ्या आठवड्यात पूर्ण बहिरा होईल, आणि तसं झाल्यास हा उपचार साठीपुढच्या कोणालाही देऊ नये. कोणी गाळलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"नियमाप्रमाणे हे दडवणं ठरत नाही," प्रबोध म्हणाला. "मोहोरबंद भाकितात लेखकानं स्वतःहून सांगितलं, ते निबंधाचाच भाग. उपचार बंद होत नाही, तरुणांसाठी मंजूर झालाय. संपादकांचं पत्र आलंय, तिन्ही लेखकांचं अभिनंदन केलंय. आदर्श म्हणालेत." मग त्यानं प्रतीतल्या टिपणावर बोट ठेवलं. "शर्वाणी, तो पिंजरा साथीचा होता असं तू मला सांगितलं होतंस. तुला माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा तोंडून निघालं होतं. प्रबोध प्रत तिथंच ठेवून गेला.

ती तशीच सरांकडे गेली. सर बैठकीत होते, समोर बोलपाटी. कोणीही बोललं की त्या पाटीवर अक्षरं उमटत. शर्वाणी त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, सर, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माहीत होतं. अक्षरं उमटत गेली, सर चष्म्यातून वाचत गेले.

"मलाही माहीत होतं," सर म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते फार मोठ्यानं बोलत होते. "तू सांगशील म्हणून विचारलं होतं मी. सांगितलं असतंस तर उठून घरी आलो असतो, दोघांनी मिळून काही मार्ग काढला असता. नाही म्हणालीस. मग निबंध पूर्ण करायला एक म्हातारा हवा होता, आणि यादीत म्हातारा मीच होतो. नाव असलं की वाटा उचलावा लागतो."

सर समाधानी दिसत होते, आणि तेच तिला सोसवेना. ती रडू लागली. तेव्हा तिच्या कानांना दाराच्या चौकटीवर हात घासल्याचा आवाज ऐकू आला. काकू दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ते कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं," काकू म्हणाल्या.

सर पाटीकडे बघत होते.

"मला म्हणाले, कान सुधारून येतो. मी शिरा करून ठेवला होता." काकूंचा आवाज चढला नव्हता. "दिवसभर मी यांना हाक मारते न, ते काही काम असतं म्हणून नाही. ओ आली की मला कळतं मी घरात कुठं आहे. आता मी हाक मारते आणि कुठंच नसते." त्यांनी तोंड शर्वाणीच्या दिशेनं वळवलं. "शर्वाणी, ज्यांची नावं छापली त्यांनीच भोगायचं, असा तुमचा नियम आहे न? मग बघून सांग बरं. त्या निबंधात माझं नाव कुठं आहे?"

पाटीवर ती ओळ उमटली. सरांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढून पाटी पालथी घातली. ते काहीतरी बोलायला गेले, पण काकू वळल्या होत्या. शर्वाणीचे कान आता फार चांगले झाले होते. भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे परत जाणारा तो हात तिला अगदी शेवटपर्यंत ऐकू येत राहिला.