डाव्या हाताची सुरी

“ती सुरी नका घेऊ.”

फरीदाबादच्या भांड्यांच्या दुकानात कुणीतरी चक्क मराठीत बोललं, म्हणून स्वानंदीने वळून पाहिलं. गळ्यात कंपनीचा बिल्ला, हातात कुकरची रिंग, आणि चेहऱ्यावर असं हसू की माणसाने रागवायचंच विसरावं.

“सॉरी, तुम्ही फोनवर आईशी बोलत होतात ते ऐकलं...”

“अच्छा. आणि सुरी का नको? नॉनस्टिक आहे, बटाटा चिकटत नाही म्हणतात.”

“बटाटा नाही चिकटणार. पण धार एकाच बाजूने काढलीय, उजव्या हातासाठी. तुम्ही ती डाव्या हातात धरलीत, म्हणजे डावखुऱ्या. काप तिरका जाईल, आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष द्याल.”

स्वानंदीने सुरी खाली ठेवली. लहानपणापासून ती तेच करत आली होती. शाळेत बाईंची पट्टी, घरी आत्याचे डोळे, प्रसादाला पुढे केलेला हात मागे घेणं... या हाताकडे कुणी असं आपुलकीने पाहिलंच नव्हतं.

तो उन्मेष. मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये होता. धार पारखणं हे त्याचं रोजचंच काम. त्याने सात-आठ सुऱ्या उलटसुलट करून दोन्ही बाजूंनी धार असलेली एक शोधली. “मूठ बसते का हातात?”

“बसते.”

“मग कोशिंबिरीला कधी बोलावताय?”

“बरेच धीट आहात हो.”

“टोमॅटो मी आणतो,” तो म्हणाला.

तो खरंच आला. मग दर रविवारी येऊ लागला. स्वानंदी गवार निवडायची, कांदा चिरायची, आणि हा ओट्याला टेकून बघत राहायचा. “तुझा हात चालताना बघत बसावंसं वाटतं,” एकदा म्हणाला — आणि सरकारी कचेरीत दिवसभर फायली हाकणारी ही शहाणी मुलगी पार विरघळली. प्रेमात पडली, सरळ सांगायचं तर.

फेब्रुवारीत उन्मेषची आई मुलगी बघायला साताऱ्याहून यायची ठरली. मेट्रोच्या फलाटावर तो बराच वेळ घुटमळला.

“स्वानंदी... आई आहे तोवर उजव्या हाताने कर ना सगळं.”

“का?”

“यार, आमच्याकडे देवाधर्माचं फार आहे. उगाच विषय नको. दोनच दिवस.”

तिच्याने नाही म्हणवलं नाही. आठवडाभर तिने घरी सराव केला, डाव्या हाताच्या बोटाला दोनदा सुरी लागली.

रविवारी उन्मेषची आई, पद्मजाताई, थेट स्वयंपाकघरात आल्या. स्वानंदी उजव्या हाताने काकडी चिरत होती. एक चकती जाड, एक फाटकी.

“डावरी आहेस का गं?”

तिने उन्मेषकडे पाहिलं. तो फ्रिजकडे बघत होता.

“हो, काकू.”

“मीही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “लग्न झालं तेव्हा याचे बाबा म्हणाले, सासूबाईंसमोर चार दिवस उजव्या हाताने कर. चौतीस वर्षं झाली.”

उन्मेषचा चेहरा उजळला. “मला कधी बोलली नाहीस. चलो, मग प्रश्नच मिटला. घे गं डाव्या हातात.”

परवानगी मिळाली होती. स्वानंदीने सुरी डाव्या हातात घेतली, कोशिंबीर केली, दोघांना पोटभर जेवू घातलं. पद्मजाताई खाली रिक्षात जाऊन बसल्या, तसा तो दारात रेंगाळला.

“मग... तारीख कधी धरायची?”

“नाही धरायची.”

“अगं, आई हो म्हणाली.”

“त्या नाही म्हणाल्या असत्या तर तू काय केलं असतंस?”

उन्मेषने तोंड उघडलं. ती थांबली. त्या क्षणी तो खोटं बोलला असता, तरी तिने ऐकून घेतलं असतं, इतका जीव होता तिचा. खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि तो जिना उतरून गेला.

दार लावून ती तिथेच बसून रडली. दुपारभर. राग होता तसं प्रेमही होतंच, आणि तेच जास्त छळत होतं.

संध्याकाळी फोन वाजला. त्याचं नाव दिसताच तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“स्वानंदी,” उन्मेष म्हणाला, “आई म्हणतेय, मी तुझी माफी मागायला हवी.”

तिने हळूच फोन ठेवून दिला.