टॅनर गल्लीच्या साखरेचा केक

"केक गेला," एडना क्रॅब्ट्री सभागृहाच्या मागच्या खोलीतून बाहेर येत म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

पावाला लोणी लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. राणीचा राज्याभिषेक आज, टॅनर गल्लीची मेजवानी आज, आणि केक आजच जायचा होता! आधीच मेल्या पावसाने दगा दिला होता. रस्त्यात मांडायची टेबलं उचलून चर्चच्या सभागृहात आणावी लागली होती. खुर्च्या ज्याने त्याने आपापल्या घरून आणायच्या होत्या. हिल्डा अ‍ॅक्रॉइडने सकाळीच दोन आणून ठेवल्या होत्या, एक स्वतःची आणि एक नवऱ्याची.

हा केक म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. दुसरी मोठी लढाई संपून आठ वर्षं झाली तरी साखर रेशनवरच होती. राज्याभिषेकासाठी सरकारने माणशी पौंडभर जादा दिली, तीही गल्लीने मुकाट्याने एडनाच्या हवाली केली. जत्रेत केकचं पहिलं बक्षीस दरवर्षी तिचंच. "मॉरीनच्या लग्नात पुठ्ठ्याच्या केकवर भागवावं लागलं," आपल्या लेकीचं नाव घेऊन ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "या वेळी तीन मजली आणि खराखुरा."

आणि तसा तो आलाही होता. परवा संध्याकाळी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातावर केक तोलत एडना भर पावसात गल्ली ओलांडून आली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सभागृहाचं दार हिल्डानेच धरलं होतं.

मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. ती मागच्या बोळात उघडत असे. रात्री उशिरा त्या बोळातून जातो कोण? या गल्लीत आरोप तोंडाने करत नाहीत, चहाच्या कपात बघून करतात. सगळ्या बायका कपात बघू लागल्या आणि रोख आपल्या घरावर आहे हे हिल्डाला कळलं.

तिच्याकडे माडीवर युस्टेस पिनॉक भाड्याने राहत असे. जमैकाचा माणूस, बसवर कंडक्टर. शेवटची बस डेपोत लावून तो त्या बोळातूनच घरी येई.

एडनाने तिला बाजूला घेतलं. "तुला त्रास नको म्हणून हवालदाराला सांगत नाही हो. पण संध्याकाळपर्यंत तो तुझ्या घरात नसला म्हणजे झालं. नाहीतर गल्ली तुझ्याशी बोलायची नाही."

त्याला घराबाहेर काढायचं म्हणजे रस्त्यावरच काढायचं. काळ्या माणसाला खोली मिळणार नाही, अशा पाट्या निम्म्या गावाच्या खिडक्यांत लागल्या होत्या.

युस्टेस सकाळच्या पाळीला गेला होता. हिल्डा घरी आली, माडी चढली आणि जे कधी करू नये ते तिने केलं. त्याची पत्र्याची पेटी उघडली. इस्त्रीचे शर्ट, बायबल, आईचा चौकटीतला फोटो. केकचा कण नाही. कसा असेल? तीन मजली केक काय पेटीत मावतो? पेटी बंद करताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसानेही आपली साखर दिली होती. "राणी माझीही आहे ना, बाई," असं म्हणून त्याने पुडी तिच्याच हातात ठेवली होती.

मग केक नेला कोणी? हिल्डाने डोक्याला रुमाल बांधला आणि ती पुन्हा बाहेर पडली.

सभागृहाचा राखणदार ग्रिमशॉ दारातच कुरकुरत होता.

"केक दोन रात्री इथेच होता ना?" हिल्डाने विचारलं.

"होता की. नुसतं मलमल टाकून."

"आणि तुमचे उंदीर?"

"त्यांचं नाव काढू नका. काल इथे ठेवलेल्या वेदीच्या मेणबत्त्या कुरतडल्या मेल्यांनी."

"केकला तोंड लावलं?"

ग्रिमशॉने डोकं खाजवलं. "नाही बुवा. काल झाडताना मी मलमल उचलून पाहिली होती. केक जशाचा तसा."

तिथून ती एडनाच्या परसात गेली. एडना नव्हती, कोंबड्या होत्या आणि चिखलात काहीतरी टिपत होत्या. हिल्डाने वाकून एक दाणा उचलला. मनुका होती, जळून कोळसा झालेली. तिला मागचा आठवडा आठवला. एवढ्या गारठ्यात एडनाने घरच्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या आणि धुराडं साफ करतेय म्हणाली होती.

परत आल्यावर तिने सभागृहाची कोळशाची शेगडी उघडली. शेगडी कोमट होती. चहा तर गॅसवर चालला होता! राखेत पांढरं काहीतरी चमकत होतं. ते तिने रुमालात बांधून घेतलं.

जेवणं सुरू व्हायच्या बेतात होती. हिल्डा टेबलांच्या टोकाशी उभी राहिली. एडनाशी तिचा तीस वर्षांचा घरोबा होता.

"केक चोरीला गेला नाही," ती म्हणाली. "कारण केक नव्हताच."

एडनाचा चेहरा पडला.

"तीन मजली फळांचा केक, वर साखरेचा थर. तो न्यायला दोन बाप्ये लागतात. एडनाने एका हातावर आणला, तेही छत्री सांभाळत. आपण सगळ्यांनी पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मेणबत्त्या खाणाऱ्या उंदरांनी दोन रात्री त्याला हुंगलंसुद्धा नाही. माणसं फसली, उंदीर फसले नाहीत." तिने रुमाल उघडला. आत प्लास्टरचं पान होतं, एका कडेने करपलेलं. "हे पान ओळखीचं आहे का कुणाला? मॉरीनच्या लग्नाच्या फोटोत आहे. लढाईत साखर नव्हती, म्हणून पुठ्ठ्याचं टोपण प्लास्टरने सजवलं होतं. खरा केक मागच्या आठवड्यातच जळला आणि कोंबड्यांच्या पोटात गेला. टोपण सुरीने कापता येत नाही. म्हणून आज सगळ्यांच्या आधी येऊन एडनाने ते शेगडीत घातलं आणि खिडकी उघडून ठेवली. होय ना, एडना?"

एडनाने मान डोलावली.

"डोळा लागला गं माझा," एडना म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. "अख्ख्या गल्लीची साखर. धूर आला तेव्हा जागी झाले."

"सांगायचं होतंस. कोरड्या पावावर साजरं केलं असतं आपण."

"कोणत्या तोंडाने सांगू? वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चोरीच झाली म्हटलं की संपलं."

"आणि चोर सोडून संन्याशाला फाशी?"

एडनाने ओंजळीत तोंड लपवलं. पण हिल्डाला तिच्याकडे बघवेना, कारण खाली माना घातलेल्यांत तिची स्वतःचीही मान होती. एडनाचं बिंग तिने फोडलं खरं, पण युस्टेसची पेटी उघडली होती ती तिनेच.

ती धावतच घरी गेली. युस्टेस जिना उतरत होता, गणवेशातच, हातात ती पत्र्याची पेटी.

"मिस्टर पिनॉक, थांबा. सगळं उलगडलं. तुमच्यावर कुणाचा संशय नाही आता."

"संशय होता ते कळलं होतं मला. डेपोत बातमी माझ्या आधी पोचली होती." त्याने पेटी खाली ठेवली. "शर्ट छान घडी करून ठेवलेत, बाई. पण माझ्या आईचा फोटो मी कधी पालथा ठेवत नाही."

हिल्डाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "चुकले मी," ती म्हणाली. "घोर चुकले. जेवायला चला. सगळे वाट बघताहेत."

"कुठे बसू?"

"म्हणजे?"

त्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं. तिथे टेबलाशी एकच खुर्ची उरली होती, तो रोज न्याहारीला बसायचा ती. "केक हरवायच्या आधीच दोन नेल्या होत्यात तुम्ही."

हिल्डाने पुढे होऊन ती खुर्ची उचलली. "ही मी नेते. माझ्या शेजारी मांडते."

"राहू द्या, बाई," तो हळूच म्हणाला. "डेपोतला एक मित्र जागा देतोय जमिनीवर. भाडं शनिवारपर्यंतचं दिलेलं आहे."

त्याने टोपी नीट केली आणि तो पावसात निघून गेला. ती खुर्ची धरून दारात उभी राहिली, मग तशीच पावसात सभागृहाकडे निघाली.

सभागृहात राणीच्या दीर्घायुष्यासाठी सगळे उभे राहून गात होते. हिल्डा भिजलेली खुर्ची घेऊन आत आली आणि तिने ती आपल्या शेजारी मांडली. गाणं संपलं, सगळे बसले, ताटं फिरली. ती रिकामी खुर्ची कोणाची, हे कोणी विचारलं नाही.