तटावरची उलटी चाल

जुन्या शहराचा तट कित्येक शत्रूंना पुरून उरला होता. गाइड मात्र राणीच्या बुरुजापाशी, जिथे कठडा ढासळला होता, तिथून खाली गेला. तिकिटात न लिहिलेलं दृश्य पर्यटकांना फुकट बघायला मिळालं.

सर्वांत जवळ त्याचा मदतनीस होता. पोलिसांनी त्यालाच उचललं. मदतनीसाची बायको रडत दाजींकडे आली. दाजी खासगी गुप्तहेर. त्यांचा मेहुणा प्रत्येक तपासाला फुकट सोबत यायचा, आणि तेवढीच त्याची किंमत होती.

तटावर पाणी विकणारी भेटली.

"ढकललेलं मी नाही बघितलं, साहेब. गाइड नेहमीसारखा उलटा चालत होता. तोंड लोकांकडे, पाठ खड्ड्याकडे. इतक्या वर्षांत पठ्ठ्यानं एकदा मान वळवली नाही."

"गाइडची बायको कुठे होती?" दाजींनी विचारलं.

"सगळ्यांच्या मागे, छत्री घेऊन. तिची तऱ्हाच न्यारी. भर उन्हात बुरुज आला की छत्री मिटायची. नवरा सोसला तिला उन्हाचं काय?"

मग एक पर्यटक आजी. "त्या माउलीनं माझ्यावर छत्री धरली होती. किंकाळी ऐकून मी मटकन बसले, तेव्हाही सावलीतच. गाइड बाकी विनोदी हो. म्हणाला, राजानं राणीला या बुरुजात जिवंत चिणलं. आमच्या हिच्यासाठी मला विटा परवडत नाहीत. आम्ही हसतोय तोवर गेला बिचारा."

कोठडीत मदतनीस म्हणाला, "ओरडायचं सुचलंच नाही. तो रोज आपोआप थांबतो."

शेवटी दोघं गाइडच्या घरी गेले. बाई नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"ही तर सर्वांत लांब होती, दाजी," मेहुणा कुजबुजला.

"म्हणूनच. पाठीला डोळे नसलेला माणूस रोज नेमका कसा थांबायचा? त्याचे डोळे गर्दीमागे उभे असायचे. छत्री मिटली की थांब. त्या दिवशी ती मिटलीच नाही. आजी शेवटपर्यंत सावलीत होत्या."

बाईने कॉलर नीट केली. "विसरले. विसरणं गुन्हा आहे?"

"सिद्ध कोण करणार? पण खूण तुम्हां दोघांतच होती. तुम्ही सांगितलंत तरच पोलीस मानतील, आणि मदतनीस सुटेल. नाहीतर जन्मभर सडेल. त्याची बायको खाली उभी आहे."

बाईने खिडकीतून वाकून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलंय असं मेहुण्याला वाटलं. त्याला ते नेहमीच वाटायचं.

"पर्यटक रोज नवे," ती म्हणाली. "त्यांना काय कळणार, कुठे हसायचं ते? माझ्यावरच्या विनोदाला आधी हा मदतनीस हसून दाखवायचा. पगारच त्याचा होता त्याला."

आणि तिने खिडकी लावून घेतली.