लाल ठिपक्यांची रेघ

शमाल सुटला की मनामाच्या बाजारात माणसं मिळेल त्या दुकानात शिरतात. हा वाळूचा वारा कुणाचं काही ऐकत नाही. त्या दिवशी तय्यबा शिरली ती बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्लीतल्या एका कापडाच्या दुकानात. ओढणी नाकापर्यंत ओढलेली, डोळ्यांत वाळू, आणि तोंडाने पुटपुटणं चालूच, "काय ही धूळ मेली!"

आत आलोच आहोत तर काहीतरी घ्यायला हवं, म्हणून तिने हिंदीत अस्तर मागितलं.

"कुठल्या रंगाचं?" गल्ल्यामागच्या तरुणाने सरळ मराठीत विचारलं.

"कुठल्याही."

"कुठल्याही रंगाचं अस्तर मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदाच बघतोय."

तो हसला नाही, पण मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तय्यबाने नजर वळवली आणि ती भिंतीवरच्या एका फोटोवर जाऊन अडकली. जुना, काळा-पांढरा. बाब अल बहरीनच्या कमानीसमोर पाच माणसं उभी. एकाच्या हातात मिटलेली छत्री.

"हे... डावीकडून दुसरे... हे माझे आजोबा आहेत," ती म्हणाली.

"ते? ते माझे आजोबा."

"आमच्याकडे हाच फोटो आहे. श्रीवर्धनला. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला."

"मग तुमचं कपाट चुकलंय."

आता मात्र ती पेटली. "नीट बघा. उजवा कान जरा बाहेर आलाय. अब्बांचाही तसाच आहे, माझाही —" आणि थांबली. कारण त्याने फोटोकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायला सुरुवात केली होती. तिने ओढणी घट्ट केली.

"पुरावा झाकून ठेवलात तर निकाल कसा लागायचा?" तो म्हणाला. "शुक्रवारी चार वाजता वरच्या मजल्यावर या. असले वाद तिथे मिटतात. मी हारून."

ती दोन मीटर राखाडी अस्तर घेऊन बाहेर पडली. राखाडी रंगाचा एकही ड्रेस तिच्याकडे नव्हता.

दुकानावरच्या खोलीत कोकणी वंशावळ मंडळ भरायचं. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड... गलबतातून आधी कोण आलं, कोणी मोत्यांच्या व्यापाऱ्याकडे चाकरी केली, कोण रिफायनरीत लागलं, कोणी शिवणयंत्र मांडलं, हे सगळं तिथे टेबलाएवढ्या कागदांवर उतरवलं जाई. मंडळाचा कारभार शरीफुन्निसा खालांच्या हातात. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीतच होता.

खालांचा नियम एकच आणि पक्का. कुठलंही नातं आधी पेन्सिलने लिहायचं. ते डोळ्यांनी पाहिलेल्या जिवंत माणसाची साक्ष मिळाली, तरच शाईने. साक्ष मंडळात सगळ्यांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. काळी रेघ रक्ताची, जोडरेघ निकाहची, आणि लाल ठिपक्यांची रेघ दुधाची.

"दूध हे रक्तासारखंच," खाला नव्या माणसाला समजावत. "ज्या बाईने पाजलं ती आई, तिची लेकरं सख्खी भावंडं. निकाह होत नाही. मात्र नातं लागतं ते प्यायलेल्यालाच. त्याच्या भावाला नाही. म्हणून ही रेघ सांभाळून ओढायची."

फोटोचा वाद त्यांनी दहा मिनिटांत मिटवला. दुसऱ्या एका घरातून त्याची प्रत आली होती, तिच्या पाठीवर पाचही नावं होती. छत्रीवाल्याशेजारचे ते तय्यबाचे आजोबा. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की फोटो काढला तो हारूनच्या आजोबांनी.

"म्हणजे आमचे आजोबा फोटोत नाहीतच?" हारूनचा चेहरा उतरला.

तय्यबाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण तिला त्याचं वाईटच वाटलं. "आहेत ना," ती म्हणाली. "माझे आजोबा हसतायत ते कुणाकडे बघून?"

त्या शुक्रवारपासून तय्यबा मंडळाचीच झाली. सित्रामधल्या एका कंपनीत ती डॉक्युमेंट कंट्रोलर होती. दिवसभर नकाशांचे रिव्हिजन नंबर सांभाळणाऱ्या मुलीला वंशावळीचे कागद लावायला काय जड? हारून जुन्या शिंप्यांकडून, निवृत्त फोरमनांकडून गोष्टी काढून आणायचा, ती त्या जागेवर बसवायची. तिने हात पुढे करायच्या आत खोडरबर तिच्याकडे सरकलेलं असायचं. इथला वेलदोड्याचा करक चहा यायचा तेव्हा तिच्या कपात तो अर्धाच ओतायचा. पूर्ण भरला तर ती बोलता बोलता विसरते आणि गार करते, हे त्याने दुसऱ्याच आठवड्यात हेरलं होतं.

आणि दर शुक्रवारी वर जाण्याआधी तिला अस्तराची गरज पडायचीच.

"इतकं अस्तर," एकदा कात्री चालवता चालवता तो म्हणाला, "घालता कशाच्या आत?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही मोजा."

"मोजतोच आहे. सात शुक्रवार झाले."

सातव्या शुक्रवारी जिन्यात तो थांबला. "पुढच्या वेळी... मला काहीतरी विचारायचंय. मंडळाचं नाही."

तो सगळा आठवडा तय्यबा जमिनीवर नव्हती. नकाशाच्या एका गठ्ठ्यावर तिने चुकीचा रिव्हिजन नंबर मारला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

पण त्या पुढच्या शुक्रवारी खालांच्या हातात एक जुनी वही होती. हारूनचे अब्बा हयात असताना त्यांनी मंडळाला लिहून दिलेली. त्यातलं एक पान खालांनी मोठ्याने वाचलं. "आमची रुकय्या आजारी असताना वरच्या मजल्यावरच्या मसूदाभाभींनी आमच्या मुलाला दोन महिने दूध पाजलं. अल्लाह त्यांना जजा देवो."

मसूदा म्हणजे तय्यबाची अम्मी. दोन्ही कुटुंबं कधीकाळी याच गल्लीत एका इमारतीत राहत होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तय्यबा दोन वर्षांची असताना तिची माणसं श्रीवर्धनला परतली. नोकरीसाठी ती एकटीच पुन्हा इथे आली होती.

"कुठल्या मुलाला?" तय्यबाने विचारलं.

वहीत नाव नव्हतं. रुकय्याला मुलगे दोन, थोरला बासित आणि धाकटा हारून. तय्यबाचा भाऊ ताहिर बासितच्या बरोबरीचा, बहीण खदिजा हारूनच्या बरोबरीची. दोन्ही वेळी मसूदाच्या मांडीवर तान्हं मूल होतंच. हारूनचे अब्बा गेले होते. रुकय्या तर हारून नऊ वर्षांचा असतानाच गेली. बासित त्या वेळी तान्हा, नाहीतर अगदीच लहान, त्याला काय आठवणार?

खालांनी लाल पेन्सिल उचलली आणि मसूदाच्या नावापासून ठिपके काढत आणले. दोन भावांच्या नावांच्या अलीकडे त्या थांबल्या. रेघ तिथेच अर्धवट लोंबत राहिली.

हारूनने आपला प्रश्न विचारलाच नाही. सोमवारी त्याचा मेसेज आला. "तय्यबा बहन, दापोलीच्या घराची नावं पाठवतोय."

बहन. तय्यबा तो शब्द बघत राहिली. त्याचं बरोबर होतं, हे तिला कळत होतं. शक्यता असेपर्यंत भल्या घरच्या मुलाने दुसरं काय म्हणायचं? आणि तो बरोबर होता म्हणूनच तिला त्याचा भयंकर राग आला. त्याहून भयंकर गोष्ट ही की त्या रागात तिला स्वच्छ कळून चुकलं, तिचं त्याच्यावर प्रेम होतं.

सित्राच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या जागृतीला तिने सगळं सांगितलं. जागृती कामठीची, त्याच कंपनीत क्वालिटीला.

"तुझी आई आहे ना गावाले?" जागृती म्हणाली. "फोन लाव अन् विचार. इतकं काय त्यात?"

"विचारलं की तिला कळेल."

"काय कळेल?"

तय्यबा खिडकीबाहेर रिफायनरीच्या टाक्या बघत बसली.

"हाव," जागृती म्हणाली. "कळलं मले."

तीच तर अडचण होती. आमच्यात मुलगी आईला जेव्हा विचारते, 'अमक्याला तू दूध पाजलंस का,' तेव्हा ती 'त्याच्याशी निकाह होईल का' हेच विचारत असते. तय्यबाने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा फणसाबद्दल, कौलांबद्दल, खदिजाच्या पोरांबद्दल बोलून ठेवून दिला. त्यातच पुढचा शुक्रवार गेला. ती मंडळात गेली नाही. कपाटातलं अस्तर मात्र रोज उघडून बघत होती.

शेवटी तिने ऑफिसातली अक्कल वापरली. मंडळाचा छापील साक्ष-नमुना काढला, त्यात पाच प्रश्न लिहिले, अगदी कोरड्या भाषेत. लग्न कुठल्या साली झालं, इमारत कोणती, शेजारी कोण, असले सगळे. चौथा प्रश्न होता, "साक्षीदाराने कोणत्या बालकास दूध पाजले?" त्याचा फोटो काढून गावी पाठवला. अम्मीला काही कळायचं नाही, असं स्वतःला बजावलं. दोन दिवस उत्तर नव्हतं.

शुक्रवारी मंडळात हारून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला होता. तय्यबाचा फोन खालांपुढे होता, कागदांचे फोटो काढायला दिलेला. तेवढ्यात तो वाजला. खालांनी चष्मा वर केला.

"मसूदाची व्हॉइस नोट आहे. साक्ष ना ही?"

"खाला, मी आधी ऐकते —"

"साक्ष सगळ्यांसमोर ऐकायची," खाला म्हणाल्या आणि बटण दाबलं.

"अस्सलाम अलैकुम. मी मसूदा," अम्मीचा आवाज खोलीत भरला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "तुमचा फारम मिळाला. रुकय्याला टायफाइड झालेला. तिचा पोरगा तवा तीन महिन्यांचा. माझा ताहिर पाच महिन्यांचा. एक इकडं, एक तिकडं. आणि तो बासित असा हावरट, माझ्या ताहिरला काय ठेवायचा नाय."

बासित.

टेबलाच्या त्या टोकाला हारूनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. खालांनी लाल पेन उचललं आणि रेघ बासितपर्यंत शाईने पुरी केली.

"झालं ना खाला? बंद करा," तय्यबा म्हणाली.

"शेवटपर्यंत," खाला म्हणाल्या.

"मग हारून झाला," अम्मी पुढे सांगत होती. "तवापण रुकय्याला दूध पुरत नव्हता. मी बोलले, दे माझ्याकडं, खदिजाबरोबर पाजते. तर नाय बोलली. डब्याची पावडर आणली, पण पोरगा दिला नाय. मना राग आला. मी बोलले, एवढं काय गो, मी परकी झाले? तर हसली. बोलली, मसूदा, एक तुला दिला, तो तुझा पोरगा झाला. ह्याला राहू दे. उद्या तुझ्या घरातली पोरगी मना सून म्हणून मागायची झाली, तर वाट मोकळी पायजे."

हारूनने मान फोनकडे वळवली.

"तिच्या मनात खदिजा होती म्हणा. खदिजा पनवेलला सुखात हाय, माशाल्ला. पण वाट ऱ्हायली ती ऱ्हायलीच. आता हा फारम आमच्या तय्यबानं पाठवलाय. चार नंबरच्या सवालाखाली तिनं दोन रेघा मारल्यात. मंडळाला एवढी घाई कशाला? तर पोरगा नमाजी हाय का, रागीट नाय ना, मंडळानं मना कळवावं. खुदा हाफिज."

तय्यबाला टेबलाखाली जागा असती तर ती गेली असती. कोपऱ्यातले दोन म्हातारे शिंपी छताकडे बघत दाढी कुरवाळू लागले. तिने कशीबशी मान वर केली, हारून हसत असणार म्हणून.

तो हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते.

"खाला," तो म्हणाला, "ते... पुन्हा लावता का? मधलं. माझी अम्मी बोलली ते."

तय्यबा उठली, फोन घेऊन त्याच्याजवळ गेली आणि तिने ते मधलं वाक्य पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. एकवीस वर्षांमागे गेलेल्या आईने आपल्याबद्दल काय म्हटलं होतं, ते तो मान खाली घालून ऐकत होता. खालांना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

थोड्या वेळाने जिन्यात तो तिच्या दोन पायऱ्या खाली उभा होता. बाहेर पुन्हा शमाल सुटला होता, दुकानाचं शटर थरथरत होतं.

"माझा एक प्रश्न राहिलाय," तो म्हणाला.

"मंडळाचा?"

"नाही."

"मग आधी एक ऐका. मला परत बहन म्हणालात ना, तर..."

"बासित म्हणेल. त्याला हक्क आहे." आता मिशीचा तो कोपरा पुरता हलला. "तय्यबा... तू एवढं अस्तर नेलंस. त्याला साजेसं कापड माझ्या दुकानातूनच घेशील? लग्नाचं?"

तिने त्याच्याकडे बघितलं. ओढणी कानावरून सरकली होती, ती तिने नीट केली नाही. "राखाडी अस्तरावर लग्नाचं कापड?" ती म्हणाली. "कसला दुकानदार रे तू?"

तो 'तू' त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो जिन्यातच मटकन बसला.

वरून खालांचा आवाज आला. "हारून, जोडरेघेला जागा सोडू का कागदावर?"

हारूनने तय्यबाकडे बघितलं. ती लाल झाली होती, पण आवाज तिचा अगदी ऑफिसातला होता.

"पेन्सिलने ओढा, खाला," तिने वर सांगितलं. "शाईचं अम्मी आल्यावर बघू."