डबे कुणी काढले?

"शीड सोडतोय, डोकी खाली!" खाजामामू ओरडले आणि खताची पोती जोडून शिवलेलं शीड वाऱ्यानं टच्च फुगलं. होडी उजनीच्या काठाकाठानं दक्षिणेला निघाली. होडीत तीन पोरं: नाताळच्या सुट्टीत सोलापूरहून रेल्वेनं केमला उतरून मामूंकडे आलेली नाजनीन, तिचा धाकटा भाऊ हमजा आणि मामूंच्या शेजारचा युवराज. दोन दिवसांत धरणाच्या भिंतीपर्यंत पोचायचा बेत होता.

मामूंनी नाजनीनला पुढं बसवलं होतं. पांढरे डबे दिसले की सांगायचं. धरणात बुडालेल्या गावाच्या भिंती थंडीत पाण्याखाली जेमतेम हातभर असतात. होड्या आपटू नयेत म्हणून ज्यानं त्यानं आपल्या घरावर तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा तरंगत ठेवलेला, घरातल्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून.

हे मामूंनी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, तेव्हाच नाजनीनला कालचा डबा आठवला होता. काल ती मामूंसोबत एकटीच सरावाच्या फेरीला गेली होती. ते शीड आवरत असताना हिरव्या चिंधीचा एक डबा तिनं कचरा समजून ओढून काढला होता. शाळेत प्लास्टिकमुक्तीची शपथ घेतली होती ना! काठावर पर्यटकांसाठी तंबू टाकलेल्या तंबूवाल्यांनी टाळ्या वाजवून तो ठेवूनही घेतला. आता सांगावं, तर मामू सहलच रद्द करतील. ती गप्प बसली. युवराजचे आजोबा जोतीरामआप्पा तिच्यादेखत चहा संपवून आपल्या होडीतून जाळं टाकायला पुढं गेले.

"आपा, एकबी डबा दिसंना," हमजा बहिणीला म्हणाला. "झोपली काय तू?"

खरंच एकही नव्हता. एक गेला हे तिला ठाऊक होतं; बाकीचे कुठं गेले? मामूंनी घाईनं शीड उतरवलं आणि वल्ही हातात घेतली. वळण ओलांडलं तर समोर आप्पा गुडघाभर पाण्यात, बुडालेल्या भिंतीवर उभे. दात कडाकडा वाजत होते. त्यांची होडी तळाला गेली होती.

"माज्याच घरानं फाडली की रं होडी," ते युवराजला म्हणाले.

त्यांना वर ओढून चादरीत गुंडाळलं. मग युवराजनं डोकं चालवलं. काठावर तंबूवाल्यांशिवाय कुणी नव्हतं; पण दरडावून ते कबूल होणार नाहीत, म्हणून हमजाला एकट्यालाच आत पाठवलं. शाळेच्या प्रकल्पाला रिकामे डबे हवेत असं सांगायला. मामू, आप्पा, युवराज, बोलावून घेतलेल्या गावच्या सरपंच शिवबाई आणि नाजनीन बाभळीमागं थांबले.

तंबूंचा व्यवस्थापक खूशच झाला. मागं डब्यांचा ढीग होता, चिंध्यांसकट.

"ने सगळे. आमच्या पाहुण्यांच्या फोटोत घाण दिसायची. काल एका मुलीनं एक काढून दिला, त्यावरनंच सुचलं आम्हाला."

मामू पुढं झाले तसा त्याचा चेहरा उतरला. शिवबाईंनी त्याच्याच माणसांकडून संध्याकाळच्या आत डबे जागच्या जागी बांधून घेतले. आप्पांची होडी मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरेपर्यंत निघणार नव्हती. तोवर त्यांना दुसऱ्याच्या होडीवर राबावं लागणार होतं.

शिवबाईंनी पोरांचं तोंड भरून कौतुक केलं. नाजनीनच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या की अशी चौकस पोरं गावोगावी हवीत.

"ती मुलगी मीच," नाजनीन म्हणाली. "आणि सकाळी मला कळलं होतं. तरी मी बोलले नाही."

आप्पांनी चादर अंगाभोवती ओढून घेतली.

"काल काडलंस त्याचं काय न्हाय. तुला ठावं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "पण सकाळी माज्या शेजारीच बसली हुतीस की गं, पोरी."

शिवबाईंचा हात अजून तिच्या पाठीवरच होता. त्यांनी तो काढून घेतला असता, तर तिला बरं वाटलं असतं.