हवा काढायची राहिली

गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखतो म्हणून त्याला सगळे कानमिस्त्री म्हणत. फाटकातून गाडी आत आली की हा पाठमोरा उभा राहूनच सांगायचा, बेअरिंग गेलंय की पट्टा घासतोय. त्यामुळे चार दिवसांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला स्टिअरिंगचा नवा पंप रेकायला लागला, तेव्हा त्याची पुरती शोभा झाली. त्यात गाडी वहिनीची.

सुट्टीचा दिवस होता. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. दुपारचे तीन वाजले असतील, पण आभाळ भरून आल्याने आत दिवा लावावा लागला होता. वहिनीने गाडी आत लावली आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. आत ती कधीच थांबत नसे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे गॅरेज दोघा भावांचं होतं.

"वळवलं की ओरडते हो, भावजी," ती जाता जाता म्हणाली. "यांच्या गाडीचाही शेवटी असाच आवाज येत होता ना?"

"ते वेगळं होतं, वहिनी," तो म्हणाला आणि पान्ह्यांच्या खणात उगाच काहीतरी शोधत बसला.

वेगळं काही नव्हतं. दादाच्या गाडीचा पंपही यानेच बदलला होता. नवा पंप बसवला की आतली हवा काढावी लागते. पुढची चाकं वर उचलायची, इंजिन बंद ठेवायचं, एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि दुसऱ्याने तेलाच्या बाटलीवर डोळे लावून बसायचं. बुडबुडे थांबेपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही. दादाचा शिरस्ता वीस फेऱ्यांचा. प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबायचा आणि तोंडाने आकडा म्हणायचा. त्या दिवशी सकाळीच दोघांचं वाजलं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही. रागाच्या भरात याने एकट्यानेच पंप बसवला, सरळ इंजिन चालू केलं आणि किल्ली दादाच्या हातात कोंबली. आवाज येतोय रे, दादा म्हणाला. चालवता चालवता जाईल, हा म्हणाला. आणि दादाने त्याच्यावर विश्वास ठेवला.

रात्री परगावाहून परत येताना तळ्याजवळच्या वळणावर ते स्टिअरिंग दगड झालं असणार. मोडलेली गाडी ओढून आणायला हाच गेला होता. बाटलीत तेल असं नव्हतंच, नुसता पांढरा फेस. चौकशीचा माणूस यायच्या आत याने तो फेस फडक्याने पुसून टाकला. मग सगळ्यांनी ठरवलं, दादाचा डोळा लागला. वहिनीने ते स्वतःवर घेतलं, कारण मुक्काम करू नका, आजच या, असा हट्ट तिनेच धरला होता. तीन वर्षं ती आतल्या आत झिजत होती आणि हा ते बघत होता. दोन वाक्यांचं काम होतं, पण त्याची जीभ रेटत नव्हती. स्वतःची लाज वाटून वाटून ती लाजही आता अंगवळणी पडली होती.

त्याने जॅक लावून पुढची चाकं उचलली, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू केलं. पट्टा घट्ट होता, पुली सरळ होती, तेल योग्य तेच होतं. या वेळी हवाही त्याने शेजारच्या वेल्डरला बसवून नीट काढली होती. तरी बाटलीत बारीक बुडबुडे उठत होते. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली.

पंपाचं रेकणं कानात शिरलं. त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. हलकं, दमल्यासारखं, एका लयीत.

"...चौदा... पंधरा..."

त्याने स्क्रूड्रायव्हर झटक्यात काढला आणि जाऊन इंजिन बंद केलं. कान वाजले असतील, त्याने स्वतःला बजावलं.

दोष सापडायला फार वेळ लागला नाही. बाटलीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या जोडावर त्याने जुनीच रबरी रिंग ठेवली होती. तेल बाहेर गळत नव्हतं, पण पंप तिथून हवा आत ओढत होता. इतकी वर्षं काम करून ही चूक! त्याने नवी रिंग बसवली, तेल भरलं. आता पुन्हा हवा काढायची, म्हणजे दुसरा माणूस हवा. वहिनीला हाक मारावी का, या विचारात तो बाटलीवर वाकला, तोच तेल हललं.

पुढची चाकं वळत होती. सावकाश डावीकडे, टोकाला क्षणभर थांबून पुन्हा उजवीकडे. तेलातून बुडबुड्यांची माळ वर आली. उघड्या बॉनेटमुळे समोरची सीट दिसत नव्हती. वहिनी आपणहून येऊन बसली असणार, त्याला बरं वाटलं.

"अस्सं. हळूच हं, वहिनी. टोकाला दाबून धरू नका."

चाकं वळत राहिली. त्याने सहज शटरखालून बाहेर पाहिलं. वहिनी बाकावर बसली होती. पाय एकावर एक टाकून, मांडीवर पर्स घेऊन.

गाडीतून जुन्या सुती सदऱ्याचा आणि घामाचा वास येत होता. बॉनेटच्या कडेने डोकावून पाहायची त्याची छाती झाली नाही.

"दादा...?"

चाकं थांबली. अर्ध्यावरच. जणू वाट बघत.

"सांगतो," तो कुजबुजला. "तुझी शपथ... आज सांगतो तिला."

मग चाकं पुन्हा वळू लागली. विसाव्या फेरीला तेल आरशासारखं स्वच्छ झालं.

त्याने चाकं खाली घेतली आणि हात लांब करून, सीटकडे न बघता, इंजिन चालू केलं. पंप अगदी गप्प होता. वहिनी आत आली, तेव्हा त्याने तोंड उघडलंही.

"वहिनी..."

"काय हो?"

"...एक रिंग जुनी राहिली होती. आता बघायला नको."

"एकट्यानेच केलंत सगळं?"

"हो," तो म्हणाला.

फाटकाबाहेर पडल्यावर तिचं घर उजव्या हाताला. गाडी डावीकडे वळली. कुठे काम असेल तिचं, असं म्हणून त्याने साबणाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. अर्ध्या तासाने फोन वाजला.

"भावजी, मी तळ्यापाशी आहे. वळणावर."

"तिकडे... तिकडे कशाला गेलात?"

"मी उजवीकडेच वळवत होते हो." तिचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. "गाडी बंद पडलीय. दार उघडत नाहीये. भीती नाही वाटत मला, का कोण जाणे... भावजी, तुम्हाला मला काही सांगायचं होतं का?"

तो तेलकट फरशीवर खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सकाळचं भांडण, न काढलेली हवा, तो फेस, ते फडकं. "दादा झोपला नव्हता, वहिनी. तुमच्या हट्टाने काही झालं नाही. माझ्यामुळे झालं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी."



"तीन वर्षं, भावजी," ती म्हणाली. "तीन वर्षं मी त्यांची माफी मागतेय."

तो रडू लागला. फोन तिने ठेवला नाही. खट्टकन दार उघडल्याचा आवाज आला. खडीवर तिची पावलं वाजली, आणि दार लागलं.

मग गाडीच्या पलीकडच्या बाजूचं दार उघडलं, आणि तेही सावकाश, नीट लावून घेतलं गेलं.